पिसदुऱ्याच्या धुऱ्यावरचा दगड: घरी आणावा की तिथंच सोडावा?

भटक्या_नागपूर
मागच्या महिन्यात मी आणि एक मित्र पिसदुऱ्याला जाऊन आलो, वरोरा तालुक्यात. तिथली लाल चिकणमाती म्हणजे लमेटा, जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून नाव पडलेला थर, आपल्या काळ्या दगडाच्या म्हणजे डेक्कन ट्रॅपच्या खाली दबलेला, साधारण ६.६ ते ७ कोटी वर्षं जुना. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना मित्राला मुठीएवढा मातकट गोळा सापडला, कोप्रोलाइट. सरळ सांगायचं तर डायनासोरचं शेण, दगड झालेलं. पठ्ठ्यानं रुमालात गुंडाळून आणला आणि आता तो शोकेसमधे गणपतीच्या बाजूला ठेवलाय!! मी म्हणतोय परत नेऊन ठेव. बरोबर ना?

शोकेसवाला
तो मित्र मीच. अरे पण त्या शेतात ट्रॅक्टर फिरतो रे, रोटाव्हेटर फिरतो, पुढच्या पावसाळ्यात त्याचा चुरा झाला असता, त्यापेक्षा माझ्याकडे काचेच्या आत तरी आहे. आणि तिथं असे ढिगानं पडलेत, एकानं काय फरक पडतो?

माती_आणि_मी
फरक पडतो दादा. पिसदुऱ्याच्या याच गोळ्यांमधे २००५ साली गवताचे सिलिकाचे कण सापडले. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच मुळी. भाताच्या, बांबूच्या जवळचं गवत निघालं त्या शेणात! हे कळलं कारण गोळा कुठल्या थरातला ते माहीत होतं. तुमच्या शोकेसमधला गोळा आता नुसता गोळा आहे.

शोकेसवाला
मग म्युझियममधे सगळं सुरक्षित असतं का? जबलपूरला १८२८ मधे स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं डायनासोरची हाडं उचलली, त्यावरून १८७७ मधे टायटॅनोसॉरस इंडिकस नाव दिलं, आणि तेच मूळ हाड पुढे कित्येक वर्षं गायब. २०१२ मधे कोलकात्यात सापडलं, सरकारी संग्रहातच! शोकेस बरं की हो त्यापेक्षा.

माती_आणि_मी
पण सापडलं ना शेवटी. तुमच्या नातवानं उद्या भंगारात टाकलं तर कोण शोधणार? दुसरं उदाहरण घ्या. गुजरातेत धनंजय मोहबेंना ८० च्या दशकात लमेटातच अंडी आणि पिल्लू असलेला एक दगड मिळाला. तो अख्खा जपला म्हणून पुढे २००१ मधे दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्यात सापाचे मणके पण आहेत. साडेतीन मीटरचा साप, डायनासोरच्या घरट्यात, अंड्याभोवती वेटोळं घालून. २०१० मधे त्याचं नाव आलं, सनाजेह. कोणी अंडं सुटं करून घरी नेलं असतं तर साप गेला असता.

वावरवाला_वरोरा
तुमी दोघंबी मोठे शहाने हा राजेहो. वावर कोनाचं हाये? इचारलं का त्या मानसाले? आमच्या इकडं डोंगरगावले डायनासोरचा बराचसा सांगाडा भेटला, त्याचं नाव काय ठेवलं त इसिसॉरस, कोलकात्याच्या इन्स्टिट्यूटच्या नावावरून. गुजरातवाल्यायच्या राजासॉरसले नर्मदेचं तरी नाव देल्लं. आमच्या गावाचं काय?

भटक्या_नागपूर
भाऊ हे मात्र पटलं. मीही विचारलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण मग तिथंच डायनासोर पार्क झालं तर? गुजरातेत रैयोलीला बालासिनोरजवळ केलं ना, २०१९ मधे म्युझियम पण उघडलं.

वावरवाला_वरोरा
पार्क करा ना, पन कुंपन माह्या वावरातून नोको. एकदा सरकारी बोर्ड लागला की मंग कापूस कुठं पेरू, तुमच्या शोकेसमधी?

सावरकुंडी
मधेच घुसतेय. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते, शेताचं, गुराढोरांचं रक्षण करतो म्हणून. २०२३ मधे बातमी आली की ती डायनासोरची अंडी आहेत. ना कुंपण ना म्युझियम, नारळ फोडून जपलं लोकांनी.

माती_आणि_मी
ताई, नारळ त्याच्यावरच फोडला तर? 😀 पण गावानं जपलं हे खरंय. माझं म्हणणं एवढंच की जपणाऱ्याला माहीत हवं आपण काय जपतोय ते. पिसदुऱ्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कपाट, कोणाच्या वावरात काय सापडलं याची वही, बस. कुंपण नको काही नको.

वावरवाला_वरोरा
वहीत माहं नाव लिहान त चालते.

शोकेसवाला
ओके, एक प्रॉब्लेम आहे. धुरा नक्की कोणता होता आठवत नाही, फोटो काढला नव्हता. बाभूळ होती एवढं आठवतंय.

वावरवाला_वरोरा
बाभूळ त हरेक धुऱ्यावर हाये बापा. आन तो गोळा इकडं, पाहू. सात कोटी वर्साचं शेनखत, कोनाच्या वावरात पडलं होतं ते कास्तकारालेच इचारू.