जुने कॉमिक्स टपालाने स्वस्तात कसे पाठवावेत?

प्रश्न: मी सोलापुरातून जुन्या मराठी कॉमिक्सची ऑनलाइन विक्री करतो. साठ रुपयांच्या अंकावर तितकाच टपालखर्च आला, तर ग्राहक माघार घेतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यावर स्वस्त पर्याय कोणता उरला आहे?

उत्तर १: मे २०२५ मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा पाहावी. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत कमाल १०० रुपये, कर वेगळा, असा जाहीर झाला होता. पाकीट भूमार्गाने जात असल्याने उशीर होतो, परंतु त्याचा माग काढता येतो. मात्र ही सवलत शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी असून नियतकालिकांना ती मिळत नाही. त्यामुळे पौराणिक चित्रकथा बसली तरी पाक्षिक स्वरूपाचा अंक बसेलच असे नाही, हे खिडकीवर आधी विचारावे.

उत्तर २: सुटा अंक विकूच नये, असे माझे मत आहे, चार-पाचांचा संच केल्यास प्रत्येकी खर्च बराच उतरतो. अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधावेत. पुठ्ठा विकत कशाला घ्यायचा, आपल्याकडे चादरींच्या दुकानांत रिकामी खोकी मागितली तरी मिळतात. वजन पुठ्ठ्यासह करावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पौराणिक अंक वेगळे काढून उद्याच चौकशी करतो.