डिफेक्टिव्ह म्हणजे नुसतं 'सदोष' का?

डिफेक्टिव्हला मराठीत नेमकं काय म्हणायचं? बातम्यांमध्ये सगळीकडे सदोष लिहितात, दुकानात मात्र कुणीच सदोष म्हणत नाही, पीस डिफेक्टिव्ह निघाला असंच म्हणतात. आणि फॉल्टी, डेफिशियंट हे वेगळे कसे?

–

सदोष चालतं, पण सगळीकडे नाही. मुळात डिफेक्टिव्ह म्हणजे बिघडलेलं नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. मिक्सरचं भांडं नवंकोरं आणलं आणि पहिल्याच वाटणाला खालून गळायला लागलं तर ते डिफेक्टिव्ह, म्हणजे खोट बनवतानाच राहिलेली, आणि तेच भांडं पाच वर्षं वापरून वॉशर झिजला म्हणून गळतंय तर ते खराब झालं, त्याला डिफेक्टिव्ह म्हणून दुकानदाराशी भांडता येत नाही. फॉल्टी जवळपास तोच अर्थ, फक्त जरा बोलण्यातला, फॉल्टी वायरिंग वगैरे. डेफिशियंटमध्ये काहीतरी कमी पडलेलं असतं, आयर्न डेफिशियंट म्हणजे लोह कमी.

कायद्यात हा फरक फार कामाचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूत असतो तो डिफेक्ट, सेवेत असते ती डेफिशियन्सी, म्हणून मराठीत 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतील त्रुटी' असं वेगवेगळं लिहिलेलंच बरं. फौजदारीत मात्र सांभाळून, कारण 'सदोष मनुष्यवध' मधला सदोष डिफेक्टिव्ह नाहीच, तो कल्पेबल, म्हणजे करणाऱ्याकडे दोष जातो असा. (आधी भादंवि 304, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 105.) भाषांतर करणाऱ्यांनी इथे हमखास थांबून बघावं.

कापडाला, फळाला आपला 'डागी' शब्द आहे की, डागी माल म्हटलं की गिऱ्हाईकाला लगेच कळतं, तिथे सदोष कशाला.

–

व्याकरणातला अर्थ राहिला. डिफेक्टिव्ह व्हर्ब म्हणजे ज्याची सगळी रूपं होत नाहीत असं क्रियापद, इंग्रजीत मस्ट घ्या, त्याला वेगळं भूतकाळी रूप नाही. आपल्याकडे नको, नये, पाहिजे ही तशीच, त्यांना अनियमित किंवा गौण क्रियापदं म्हणतात. इथे सदोष क्रियापद लिहिलं तर क्रियापदच चुकलंय असं वाटेल.

आणि माणसासाठी हा शब्द नकोच. ब्रिटनमध्ये 1913 च्या कायद्यात मतिमंद माणसांना सरळ 'डिफेक्टिव्ह' म्हटलेलं होतं, आज ते वाचताना अंगावर येतं. जुना मजकूर भाषांतर करत असाल तर तो शब्द अवतरणात ठेवा आणि त्या काळातला आहे हे तिथेच लिहा.