मदत हवी आहे: सा पांढरी दोन केला की सतारीच्या बाजाची तार तुटते (तातडीचं)

विश्रामबाग_सतार
मुंबईत स्ट्रिंग ऑर्केस्ट्राबरोबर सतार आहे, पुढच्या आठवड्यात. स्कोअर डीमध्ये आलाय म्हणून सा पांढरी दोन (म्हणजे डी) केला. तेव्हापासून बाजाची तार (सुरावट वाजते ती मुख्य तार) टिकत नाही. नवी घातली, तीही गेली. कुठली तार घ्यायची तेवढंच सांगा. सांगली-मिरजेत मिळणारी सांगा, मागवायला वेळ नाही.

खुंटीपिळा
"तुटते" एवढ्यावरून काय सांगणार? कुठे तुटते: खुंटीपाशी, आडीवर (दांडीच्या वरच्या टोकाची पट्टी), घोडीवर (तबलीवरचा तारांचा टेकू) की तळाशी? नुसती चढवताना की मींड घेताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना)? आधी सा काय होता? कितव्या नंबरची तार आहे?

भडंग_आणि_भैरवी
कार्यक्रम कुठे आहे? एनसीपीएला (नरिमन पॉइंटला) असेल तर एक सांगून ठेवतो. संध्याकाळी सातचा कार्यक्रम संपवून परतीची महालक्ष्मी मिळत नाही, ती सीएसएमटीहून साडेआठच्या आसपास सुटते. मुक्काम करा, नाहीतर दादर किंवा चेंबूरहून उशिराची स्लीपर बघा. सकाळची कोयना आहेच.

विश्रामबाग_सतार
गाडीचं विचारलं नाही हो. खुंटीपिळा, आधी काळी एक (सी शार्प, अर्धस्वर खाली) होती, बहुतेकांची असते तशी. तीन नंबरची तार. मींड घेताना तुटते.

जोडतार
मग सोपं आहे. तीन नंबर काढा, दोन नंबर लावा. तार बारीक, ताण कमी, विषय संपला. मिरजेत सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल.

खुंटीपिळा
विषय संपत नाही. लांबी तीच आणि सूर तोच असेल, तर बारीक तारेवर एकूण ओढ कमी होते, पण तिच्या छेदाचं क्षेत्रफळही त्याच प्रमाणात कमी होतं. पोलादावर पडणारा ताण तेवढाच राहतो. म्हणजे तुटण्याचा धोका नंबर बदलून जात नाही.
आकडे बघा. घोडी ते आड 88 सेंटीमीटर धरा. तीन नंबर म्हणजे साधारण 0.30 मिलिमीटर. काळी एकच्या सतारीत बाजावर सुमारे 6 किलोची ओढ असते, पांढरी दोनला ती 6.7 होते. एका अर्धस्वराला 12 टक्के. एवढ्यानं चांगली तार तुटत नाही. पण पंचमाची मींड ओढली, म्हणजे सा वरून थेट प, की ओढ सवादोन पट होते, 15 किलोपर्यंत. तेव्हा तारेवर कुठे ओरखडा, गंज किंवा दुमड असेल तर ती तिथंच जाते. म्हणून परत विचारतो, कुठे तुटते?

जोडतार
मग दोन नंबरचा काहीच उपयोग नाही म्हणता?

खुंटीपिळा
आहे, पण तबलीला (घोडी बसते त्या लाकडी फळीला). दोन नंबर, म्हणजे 0.28, पांढरी दोनला 5.9 किलोवर येते, जवळपास पूर्वीएवढीच. अठरा-वीस तारा सगळ्या अर्धस्वर चढवल्या तर तबली दबते आणि दांडीवर भार येतो, तो बारीक तारांनी वाचतो. पण बारीक तार मींडेत हाताला ढिली लागते, आवाजही थोडा पातळ होतो.

व्हायोला_शेवटची_रांग
सतार चढवताच कशाला? ऑर्केस्ट्रालाच काळी एकमध्ये लिहून द्यायला सांगा. एवढे वाजवणारे, त्यांना काय अवघड. रविशंकरांनी 1971 मध्ये लंडन सिम्फनीबरोबर पहिला सतार कॉन्सर्टो केला, 1981 मध्ये झुबिन मेहतांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर दुसरा. सतारीला मान आहे, तिनं का झुकायचं?

खरज_पंचम
शेवटच्या रांगेत बसून असलं सांगू नका राव. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डीमध्ये सा आणि प दोन्ही मोकळ्या तारेवर मिळतात, चेलो-व्हायोलालाही तसंच, सगळा संच घुमतो. काळी एकमध्ये एकही मोकळी तार सा किंवा पंचमाला नाही, बोटं सतत दाबलेली, आवाज बंद. आणि आठवड्यावर कार्यक्रम असताना सगळ्या भागांच्या प्रती बदलून, गजाच्या खुणा नव्याने टाकून कोण देणार?

व्हायोला_शेवटची_रांग
संगणकावर एका बटणात स्वर बदलतो.

खरज_पंचम
स्वर बदलतो, बोटं बदलत नाहीत. आणि डबल बासची सगळ्यात खालची तार ई. डीमधला खर्जाचा सा नाहीतरी तिच्याखाली जातो, म्हणून लिहिणाऱ्यानं तो बहुधा वरच्या सप्तकात दिला असेल. तुम्ही सगळं अर्धस्वर उतरवायला लावाल, तर अजून कुठे कुठे तळ संपेल ते बघावं लागेल.

मिरज_अभिमान
मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे कुणी लिहिलंच नाही. बाहेरची वाद्यं घेऊ नका.

विश्रामबाग_सतार
मिरजेचीच आहे. तुटते घोडीवर, जवारीच्या (घोडीचा तार टेकते तो पृष्ठभाग) मागच्या कडेला. आता सांगा. आणि आयोजकांच्या मेलमध्ये "442" लिहिलंय, ते मी सोडून दिलं होतं. पियानोपण आहे.

खुंटीपिळा
हे पहिल्याच मेसेजला लिहायचं होतं. 
घोडीवर तुटते म्हणजे खाच. जुन्या तारेनं जवारीच्या मागच्या कडेला धारदार चर पाडलाय, मींड ओढली की तार त्या धारेवर मागेपुढे घासते. तार बदलून काही होणार नाही. मिरजेत कारागिराकडे घोडी न्या. "जवारी काढून द्या" एवढंच सांगू नका. सांगा की सा पांढरी दोन आहे, मागची कड गोल करा, आणि ज्या तारा मुंबईत वाजवणार त्याच चढवून जवारी लावा. काळी एकच्या ओढीवर लावलेली जवारी पांढरी दोनला बंद वाटते, कारण ताणलेल्या तारेचा झोका लहान होतो आणि ती पृष्ठभागाला कमी घासते. बाज बदलल्यावर दोन दिवस ताणात राहू द्या, मग पुन्हा तपासा. तोवर कारागिराकडून परत आणू नका.

जोडतार
आणि बाज दोन नंबरच ठेवा. तबलीसाठी. हे तरी मान्य?

खुंटीपिळा
मान्य. जोडही (बाजाशेजारची तार) एक नंबर बारीक करा, 27 असेल तर 28; तिच्यात नंबर वाढला की तार बारीक.

खरज_पंचम
442 सोडून देऊ नका. तो वाद्यवृंदाचा ए आहे, हर्ट्झमध्ये. ए 440 धरला तर डी 293.66 येतो, 442 ला 295. फरक 8 सेंटचा (अर्धस्वर म्हणजे 100 सेंट). एकटं वाजवताना कुणाला कळणार नाही, पण वीस व्हायोलिनांनी धरलेल्या डीवर तुमच्या चिकारीचे (सा धरणाऱ्या कडेच्या तारांचे) ठोके ऐकू येतील. ट्यूनर 442 वर ठेवून सगळी सतार लावा, तरफांसकट (पडद्यांखालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा). वाद्यवृंद जो ए देईल तो तुमचा पंचम आहे. तिथे सा शोधत बसू नका, पंचमाची तार त्याच्याशी मिळवा. आणि पियानो खरंच 442 ला लावलाय का ते आयोजकांना आत्ताच विचारा. पियानो तालमीच्या मध्यात कुणी बदलत नाही.
दुसरी, जास्त त्रासाची गोष्ट म्हणजे पडदे. तुमचा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली असतो, धैवत 16, निषाद 12. कोमल गंधार उलट 16 वर.

विश्रामबाग_सतार
मग सगळे पडदे हलवू? राग बिघडेल ना.

खरज_पंचम
सगळे नाही. स्कोअर उघडा आणि बघा कुठे तुमचा स्वर पियानोबरोबर एकाच वेळी धरलेला आहे. तिथे येणारेच. मधल्या सप्तकातला गंधाराचा पडदा घोडीकडे साधारण पावणेचार मिलिमीटर सरकवला की पियानोशी मिळतो. मूळ जागेवर दांडीला पेन्सिलची बारीक खूण करा. आलापात, जिथे फक्त तंतुवाद्यं सा धरून असतात, तिथे तो गंधार चढा लागेल. मग खालच्या पडद्यावरून मींडेनं घ्या.

भडंग_आणि_भैरवी
मग तानपुरा कोण धरणार?

खरज_पंचम
पियानो स्वरसंगती बदलतो तिथे कुणीही नाही. सा-प वर बी मेजर आला तर तानपुरा गोंधळ करेल. आलापापुरता ठेवा आणि कंडक्टरला बंद करण्याची जागा लिहून द्या. तबला आहे का? दायां काळी एकचा असेल तर गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून अर्धस्वर चढतो, पण तबलजींना आधी सांगा. मंचावर सांगितलं तर पुडी (वरचं चामडं) जाईल.

विश्रामबाग_सतार
तबला आहे. सांगतो. एसीचं काय? तिथे फार थंड असतं म्हणतात.

खुंटीपिळा
थंडीत पोलाद आकसतं, सतार चढते. वर मंचाचे दिवे लागले की उतरते. केस उघडून सतार अर्धा तास मंचावरच ठेवा, मगच लावा. तरफा आधी, बाज शेवटी. बारीक फरक मणक्याने (तारेत ओवलेल्या मण्याने) काढा, खुंटी हलवू नका. दोन नंबरच्या चार सुट्या तारा, फास आधीच पिळून, केसमध्ये असू द्या. प्रवासात घोडी सरकली तर कळावं म्हणून तिच्या कडेनं तबलीवर पेन्सिलची रेघ मारा.

मिरज_अभिमान
घोडी हाडाची की फायबरची? फायबरवर चर लवकर पडतो का, कुणी सांगेल का?