ईसीजी प्रकल्प: डेटासेटवर ९८ टक्के, बोर्डावर मात्र बोऱ्या

शेवटचं_सेमिस्टर (प्रश्न)

बी.ई. बायोमेडिकल, चौघांचा गट. विषय: कमी खर्चात ईसीजी घेऊन अनियमित ठोके ओळखणं. जुळणी अशी: एडी८२३२ मॉड्यूल (ईसीजीचा सिग्नल मोठा करणारी चिप), दोन इलेक्ट्रोड मनगटांवर आणि एक उजव्या घोट्यावर, पुढे ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड). लूपमध्ये ॲनालॉग वाचन, सीरियल प्रिंट आणि डिले ४, म्हणजे २५० हर्ट्झ. सीरियल ९६०० बॉडवर, लॅपटॉपवर पायथन. मॉडेल सीएनएन (न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार), एमआयटी-बीआयएच या प्रत्येक ठोक्यावर खूण केलेल्या ईसीजी डेटाबेसवर शिकवलेलं. सगळे ठोके मिसळून ८०-२० विभागणी केली, अचूकता ९८.६ टक्के.

अडचणी दोन. एक, आलेखावर ५० हर्ट्झची जाड रेघ. दोन, नाडी हाताने मोजली तर ७२, आलेखावर ११२ च्या आसपास, आणि निम्मे ठोके मॉडेल 'व्ही' (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून आलेले) किंवा 'एस' (वरच्या भागातून आलेले) या अनियमित वर्गांत टाकतं. गाईड म्हणतात ३० विद्यार्थ्यांवर चाचणी घ्या. सात आठवडे उरलेत. आधी काय दुरुस्त करावं?

कोडकरी

पायथनमध्ये ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता काढणारा) टाका, रेघ जाईल. साय-पायमध्ये दोन ओळींचं काम आहे.

तारजोडणी

नॉच शेवटी. सिग्नल आधीच वर-खाली आपटून कापला जात असेल तर कापलेला भाग कुठलाही फिल्टर परत आणत नाही. मॉड्यूलचा एकूण गेन (सिग्नल कितीपट मोठा होतो तो आकडा) सुमारे ११०० आहे, म्हणजे १ मिलिव्होल्टचे १.१ व्होल्ट. ३.३ व्होल्टवर मधली पातळी १.६५, तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम दीड मिलिव्होल्टची जागा. त्यात मेन्सचा हम (विजेच्या तारांतून येणारा ५० हर्ट्झचा गोंगाट) बसला की आर लाटेला (ठोक्याच्या उंच शेंड्याला) जागाच उरत नाही. आर चा शेंडा सपाट दिसतोय का ते आज बघा.

मॉड्यूलवर ४० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचं अडवणारा फिल्टर) आहे, मग ५० कसे येतात, असं पुढे विचारालच. तो फिल्टर दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे हळूहळू अडवणारा आहे, ५० हर्ट्झ त्याच्या कडेला खेटून बसतात, त्यामुळे फारसे कमी होत नाहीत. ते इलेक्ट्रोडपाशीच मारावे लागतात.

सगळ्यात आधी सुरक्षा: माणसाला तारा जोडलेल्या असताना लॅपटॉपचा चार्जर काढलेला हवा. ईएसपी३२ ला वीज बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमधून किंवा पॉवर बँकेतून. याने हमही लगेच उतरतो. मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या, ५ नको. चिपची मर्यादा ३.५ आहे.

इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे, जेलवाले, एकदाच वापरायचे. पाकीट फोडून आठवडे झाले असतील तर जेल सुकलेलं असतं. तिसरा इलेक्ट्रोड (उजव्या पायाचा) सुका असेल तर हम सर्वांत जास्त येतो, कारण हम दाबणारा उलटा प्रवाह त्याच वाटेने जातो. त्वचा स्पिरिटने पुसा, वाळू द्या, गॉजने हलकं घासा, चिकटवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. मनगटं सोडा, तिथे स्नायूंचा गोंगाट येतो, धडावर लावा. तारा एकमेकींत पिळून घ्या. केबलच्या रंगांवर विसंबू नका, बाजारातल्या केबलींत रंग बदलतात. जॅकच्या टोकापासून मल्टिमीटरने तपासा. एलओ प्लस आणि एलओ मायनस पिनाही नोंदवा, इलेक्ट्रोड सुटलेल्या वेळचे नमुने फेकायला.

आता ७२ चे ११२. इलेक्ट्रोडचा दोष यात नाही, सीरियलचा आहे. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. '२०४८' सारख्या एका वाचनाचे चार आणि ओळ बदलण्याचे दोन मिळून सहा बाइट, म्हणजे जास्तीत जास्त १६० नमुने. बफर भरला की प्रिंट तुंबतं आणि खरा दर १६० वर येतो. पायथन मात्र २५० समजून चाललंय. ७२ गुणिले २५० भागिले १६०: ११२.५. ठोके जवळ आले की मॉडेलला ते अकाली वाटणारच.

उपाय: बॉड ११५२००, हार्डवेअर टायमर ३६० हर्ट्झवर (२७७८ मायक्रोसेकंद). इंटरप्टमध्ये फक्त झेंडा (फ्लॅग) लावा. ॲनालॉग वाचन बाहेरच्या टास्कमध्ये. पिन एडीसी१ ची (एडीसी म्हणजे व्होल्टचा आकडा करणारा भाग) घ्या, उदाहरणार्थ ३४. वायफाय चालू असताना एडीसी२ भरवशाचा नाही. प्रत्येक नमुन्यासोबत अनुक्रमांक पाठवा. ६० सेकंदांत २१,६०० नमुने आले पाहिजेत. हे जुळेपर्यंत मॉडेलला हात लावू नका.

आकडेमोड

वरचं सगळं केलंत तरी ९८.६ टिकणार नाही, आणि परीक्षकाने हे विचारलं नाही तर ते तुमचं नशीब. डेटाबेसमध्ये ४८ रेकॉर्ड, ४७ माणसं (२०१ आणि २०२ एकाच माणसाचे). ठोके मिसळून विभागणी केली की त्याच माणसाचे ठोके शिकवण्यातही आणि चाचणीतही. मॉडेल आजार शिकत नाही, माणूस ओळखतं.

विभागणी रेकॉर्डनुसार करा. पेसमेकरवाले चार (१०२, १०४, १०७, २१७) वगळून २२-२२ चे दोन संच पाडायची पद्धत २००४ पासून रूढ आहे, डीएस१ (शिकवायला) आणि डीएस२ (चाचणीला). तीच घ्या, म्हणजे तुलना करता येते. उरलेल्या ४४ रेकॉर्डांत सुमारे ८९ टक्के ठोके 'एन' (सर्वसाधारण) वर्गाचे आहेत. डोळे मिटून सगळ्यांना 'एन' म्हटलं तरी तेवढी अचूकता! म्हणून व्ही आणि एस ची संवेदनशीलता (खऱ्यांपैकी किती पकडले) व सकारात्मक भाकीतमूल्य (पकडलेल्यांपैकी किती खरे) वेगवेगळं लिहा. एस चा आकडा पडेल. पडू दे. स्मोट (कमी असलेल्या वर्गाचे कृत्रिम नमुने बनवण्याची पद्धत) वापरत असाल तर विभागणीनंतर, फक्त शिकवण्याच्या भागावर.

लीडचाही (हृदय कोणत्या दोन जागांमधून मोजतो त्याचा) घोळ आहे. तुमची दोन मनगटं म्हणजे लीड १. डेटाबेसची मुख्य वाहिनी सुधारित लीड २. क्यूआरएसचा (ठोक्याच्या मुख्य टोकदार भागाचा) आकारच वेगळा. उजव्या हाताचा इलेक्ट्रोड उजव्या हंसळीखाली, डाव्या हाताचा डाव्या बरगड्यांच्या तळाशी, तिसरा उजव्या बाजूला खाली लावा. ११४ मध्ये वाहिन्यांचा क्रम उलटा आहे. पहिला स्तंभ डोळे झाकून उचलू नका. डेटाबेस ०.१ ते १०० हर्ट्झचा आहे, तुमचं मॉड्यूल ०.५ ते ४० चं. शिकवण्याआधी डेटा त्याच पट्ट्यात आणा.

शेवटचं_सेमिस्टर

टायमरने २१,६०० जुळले, नाडीही ७२ दिसते. आभार! मग ३० विद्यार्थ्यांवर व्ही ठोक्यांची अचूकता काढायची का?

नियमावली

विशीतल्या ३० निरोगी मुलांकडे असे ठोके मिळतील किती? संवेदनशीलता मोजायला आजारी ठोकेच नसतील. फार तर खोटे इशारे किती येतात ते कळेल.

शिवाय माणसावर नोंद घ्यायची तर आधी नैतिकता समितीची मंजुरी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कॉलेजची स्वतःची समिती नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेची घेता येते, पण त्यात आठवडे जातात. संमतीपत्र सहभागीला कळेल त्या भाषेत, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. आणि अहवालात 'हृदयविकाराचा झटका ओळखतो' हे वाक्य नको: ०.५ हर्ट्झच्या हाय-पासमुळे (त्याखालचं अडवणाऱ्या फिल्टरमुळे) एसटी भाग, म्हणजे झटका ओळखायला पाहतात तो क्यूआरएसनंतरचा तुकडा, विकृत होतो.

सात आठवड्यांत बसणारा मार्ग: माणूस वगळा. दुसरा ईएसपी३२ वेगळ्या पॉवर बँकेवर ठेवा, डीएस२ चे रेकॉर्ड त्याच्या डीएसी पिनेवर (आकड्याचा व्होल्ट करणारी, क्रमांक २५) ३६० हर्ट्झने वाजवा. १०० किलोओहम आणि १०० ओहमचा विभाजक (व्होल्ट कमी करणारी रोधकांची जोडी) लावला की ३.३ व्होल्टचे ३.३ मिलिव्होल्ट होतात. १०० ओहमच्या वरच्या टोकाला डाव्या हाताची तार, खालच्या टोकाला म्हणजे ग्राउंडला उजव्या हाताची आणि उजव्या पायाची. डीएसी ८ बिटांचा आहे, पायरी साधारण १३ मायक्रोव्होल्ट पडते. जास्त बारकाई हवी तर १२ बिटांचं एमसीपी४७२५ घ्या. पायऱ्यांच्या कडा मॉड्यूलचा ४० हर्ट्झचा फिल्टर गुळगुळीत करतो.

आता प्रत्येक ठोक्याचं खरं उत्तर हातात आहे. फिल्टरमुळे येणारा उशीर आधी जुळवून घ्या, मग १५० मिलिसेकंदांच्या आत आर सापडला का ते मोजा आणि वर्गीकरणाचे तक्ते दोन ठेवा: थेट फाइलवरून आणि तुमच्या यंत्रातून गेल्यावर. २२ रेकॉर्ड गुणिले अर्धा तास, ११ तासांचं काम.

आकडेमोड

+१. फक्त वाजवताना १.५ मिलिव्होल्टची मर्यादा विसरू नका. काही रेकॉर्डांत आर त्याहून उंच आहे, तिथे मॉड्यूल कापणारच. अशा ठोक्यांची गणना वेगळी ठेवा, वाजवायची पातळी खाली ओढून लपवू नका.