अनुभव धागा: इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म आणि पहिलं वर्ष

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, 'एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल?' कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) आणि पहिलं वर्ष जवळून पाहिलेल्यांनी कामाचं तेवढं लिहा. आत्मचरित्र नको.

कटऑफवाला: कॉलेजचा कटऑफ म्हणून एकच आकडा नसतो. यादीत 'जीओपनएच', 'एलओपनएस' असे रकाने असतात. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. शेवटचं एच होम युनिव्हर्सिटीचं (ज्या विद्यापीठाच्या भागात बारावी केली ते), ओ बाहेरच्यांचं, एस राज्यस्तराचं. नागपूरच्या मुलाने पुण्याचा एच रकाना वाचून हुरळून जाऊ नये, त्याचा रकाना ओ किंवा एस. आणि मेरिट नंबर सोडा, कंसातलं पर्सेंटाइल बघा. परीक्षेला बसणारे कमीजास्त होतात, तसा त्याच पर्सेंटाइलचा नंबर दर वर्षी हलतो.

क्रमवारी: 'मिळण्यासारखं' कॉलेज वर टाकायचं, ही सर्वांत महागडी चूक. वाटप मेरिटप्रमाणे होतं आणि तुमची यादी वरून खाली वाचली जाते. अवघड कॉलेज वर ठेवल्याने खालची जागा जात नाही. उलट २०२५ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला पर्याय लागला की तो घ्यावाच लागे. म्हणजे वरच्या सहांत नको असलेलं एकही नको. बेटरमेंट घेऊन (म्हणजे हातची जागा ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत उतरून) वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते, परत मागता येत नाही. नियम दर वर्षी बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

कागदपत्रं: नॉन क्रीमी लेयरच्या दाखल्यावरची मुदतीची तारीख आधी बघा. २०२५-२६ च्या प्रवेशाला तो ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध लागायचा. टीएफडब्ल्यूएसचा (शिकवणी शुल्क माफीच्या योजनेचा) चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-ब्रँचचा क्रमांक, वेगळा असतो (शेवटी टी). तो भरलाच नाही, तर उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही शिकवणी शुल्काची माफी नाही.

क्रमवारी: हो, आणि टीएफडब्ल्यूएसची जागा घेतल्यावर पुढे ब्रँच बदलता येत नाही, ते आधीच ठरवा.

ब्रँच: नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं: नॅक अख्ख्या संस्थेला, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. फाटकावरच्या फलकावर दोन्ही एकत्र झळकतात. आपल्या ब्रँचचं एनबीए आहे का आणि कधीपर्यंत, ते विचारा. प्लेसमेंटची सरासरी सांगतील, तुम्ही मध्यक (मधोमध येणारं पॅकेज) मागा. एका मोठ्या पॅकेजने सरासरी फुगते.

ड्रॉइंग बोर्ड: पहिल्या वर्षी ग्राफिक्सला (इंजिनीअरिंग ड्रॉइंगला) लोक गळतात ते रेषेच्या प्रक्षेपात. खरा कोन आणि दिसणारा कोन यांची गल्लत होते. ताळा सोपा: टॉप व्ह्यूची लांबी = खरी लांबी × कॉस थीटा, फ्रंट व्ह्यूची = खरी लांबी × कॉस फाय. थीटा म्हणजे रेषेचा एचपीशी (आडव्या प्रतलाशी) खरा कोन, फाय म्हणजे व्हीपीशी (उभ्या प्रतलाशी). ८० मिमी रेषा, एचपीशी ३०°, व्हीपीशी ४५° असेल तर अनुक्रमे ६९.३ आणि ५६.६ मिमी यायला हवं. नाही आलं तर रबर घ्या. थीटा आणि फायची बेरीज ९०° च्या वर गेली तर मात्र गणितच चुकीचं उतरवलंय.