दुसऱ्या लग्नानंतर मुलाच्या पोटगीत नव्या जोडीदाराचा पगार धरावा का?

पाऊलवाट
घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मुलगी आईकडे असते, नववीत आहे. तिची पोटगी मी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरतो. गेल्या वर्षी तिच्या आईनं लग्न केलं. नवऱ्याचा पगार माझ्या दुपटीहून जास्त. तेव्हापासून घरचे मागे लागलेत, कोर्टात अर्ज कर आणि रक्कम कमी करून घे. मला हे अजिबात पटत नाही. मुलगी माझी आहे. उद्या त्या गृहस्थांची नोकरी गेली तर मी काही रक्कम वाढवून देणार नाही, मग त्यांना जास्त मिळतं म्हणून कमी का करू? नव्या जोडीदाराचं उत्पन्न या हिशेबात येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय म्हणणं?

जमाखर्च
तुमची भावना मोलाची आहे, पण तिच्यावर नियम बेतता येणार नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चं कलम २० मुलाला सांभाळायची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर टाकतं. आई कमावती असेल तर तिचाही वाटा आला. आधी तिच्या पगारातला मोठा भाग घरभाड्यात जायचा, आता भाडं नवरा भरतो. पगार तोच, पण हातात उरणारा पैसा वाढला. नवऱ्याचा पगार नका मोजू, पण तिचा वाचलेला खर्च तरी मोजा. आपल्याकडे पोटगीचं ठरावीक सूत्र नाही, न्यायाधीश दोन्हीकडची ऐपत आणि मुलाच्या गरजा पाहतात. परिस्थिती बदलली की रक्कमही बदलता येते, ती सोय कायद्यात आहेच (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२७).

सावली
मी दुसरी बायको. पहिलीनं पोटगी वाढवून मागितली तेव्हा तिच्या वकिलांनी माझी पगाराची स्लिप मागितली. त्या खटल्यात मी पक्षकारसुद्धा नाही! मुलगा सुट्टीत आमच्याकडे येतो. त्याच्या चष्म्याचा नंबर मला पाठ आहे, डाव्या डोळ्याचा जास्त आहे. दोनदा तुटलेली फ्रेम मीच बदलून आणली. हे मी मनापासून करते. पण मी मनापासून करते ते कोर्टानं माझ्या नावावर देणं म्हणून लिहायचं का? माझे आईवडील माझ्यावर अवलंबून आहेत, त्यांचं औषधपाणी याच पगारातून होतं. जमाखर्च, तुमचा 'वाचलेला खर्च' म्हणजे मागच्या दारानं माझाच पगार.

निळी वही
सावलीताई, तुमचं दुखणं कळतं. पण माझी बाजू ऐका. माझ्या मुलाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि चार महिन्यांत नोकरी सोडली. कोर्टात सांगितलं, उत्पन्न शून्य. घर बायकोच्या पगारावर आरामात चाललंय. मी मुलाचा खर्च एका वहीत लिहिते. त्यात 'दातांची तार' ही ओळ तीनदा खोडून पुढच्या महिन्यात ढकललेली आहे. त्याच तीन महिन्यांत वडिलांच्या सहलीचे फोटो मुलानंच मला फोनवर दाखवले. काही बोलला नाही, नुसता फोन पुढे केला. अशा वेळी त्या घरात येणारा पैसा कोर्टानं बघायचाच नाही का?

कॅलिफोर्नियाचा कायदा मला यात योग्य वाटतो. तिथे नव्या जोडीदाराचं उत्पन्न सहसा धरत नाहीत. पण एखादा पालक जोडीदाराच्या जिवावर मुद्दाम काम सोडून बसला आणि ते उत्पन्न न धरल्यानं मुलाचे फार हाल होणार असतील, तर धरता येतं.

सावली
मुद्दाम काम सोडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण मग तो काय कमावू शकतो ते बघा आणि त्याच्याकडूनच वसूल करा. त्याच्या लबाडीची भरपाई बायकोनं का करायची?

जमाखर्च
कारण शून्य पगारातून वसुली होत नाही, ताई. बाकी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. त्यात माणूस खरा कसा राहतो ते बरंचसं दिसतं, उलटतपासणी तिथूनच करावी.

आणि एक बाजू कुणीच मांडली नाही. ब्रिटनमध्ये जोडीदाराचा पगार धरत नाहीत, पण देणाऱ्याच्या घरात आणखी मुलं राहत असतील, सावत्रसुद्धा, तर त्याच्या उत्पन्नातून एका मुलासाठी ११ टक्के, दोनसाठी १४, तीन किंवा जास्त असतील तर १६ टक्के आधीच वजा करतात. म्हणजे नव्या संसाराचा खर्च हिशेबात येतो, मिळकत येत नाही. पहिल्या मुलावर हा अन्याय आहे. धरायचं तर दोन्ही धरा.

निळी वही
यावर मात्र शंभर टक्के सहमत.

पाऊलवाट
सगळं दोनदा वाचलं. निळी वही, तुमच्या बाबतीत अपवाद हवाच, ते मला सुचलं नव्हतं. वाचलेल्या खर्चाचा मुद्दा मला अजूनही मान्य नाही.

रविवारी मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, आईचं लग्न झालं म्हणून तुम्ही माझी फी भरणं बंद करणार आहात का?" हे तिच्या कानावर कुणी घातलं, माहीत नाही. मी अर्ज करणार नाही, असं घरी सांगून टाकलंय.