पावतीवरची 'अनुदान' ओळ नेमकी काय सांगते? (कॅनडा, न्यूट्रिशन नॉर्थ)

हिशेबनीस

कॅनडाच्या उत्तर टोकाच्या नुनावूट प्रदेशातल्या एका किराणा दुकानाची पावती समोर ठेवून हा धागा काढतेय. तळाशी न्यूट्रिशन नॉर्थच्या (उत्तरेकडच्या दुर्गम गावांत खाणं स्वस्त व्हावं म्हणूनची सरकारी अनुदान योजना) नावाने एक रक्कम छापली आहे, पण ती एकूण बिलातून वजा केलेली दिसत नाही. चार शंका आहेत.

१. ही रक्कम आधीच वजा झालेली असते, की मागून परत मिळते?
२. ती काढतात कशी? दुधावर भरघोस, पालेभाजीवर चिल्लर, आणि वेफर्सवर काहीच नाही, असं का?
३. दक्षिणेकडच्या दुकानातून स्वतः माल मागवला तर हे अनुदान मिळतं का?
४. तांदूळ, पीठ असला टिकाऊ माल विमानाने आणण्यात अर्थ आहे का?

जाणकारांनी आकड्यांत सांगावं. 'तिकडे महागाई फार' एवढं माहीत आहे.

---

बोरूबहाद्दर

पहिल्या दोन शंकांचं उत्तर देतो.

आधीच वजा झालेली असते. शेल्फवर चिकटवलेली किंमत ही अनुदान वजा जाता उरलेली किंमत. पावतीवरची ओळ फक्त माहितीसाठी. ती पुन्हा वजा करून मागायला काउंटरवर जाऊ नका. रेशनकार्डासारखं इथे काही नसतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, अर्ज नाही. पैसे सरकारकडून थेट दुकानदाराला जातात आणि त्याने ते पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायचे, असा करार असतो.

हिशेब वजनावर होतो. प्रत्येक गावाला किलोमागे दर ठरलेला आहे आणि तो मालाच्या गटानुसार बदलतो. सगळ्यात वरच्या गटात दूध, बाळाचं दूध-पावडर, बाळाचं खाणं, गोठवलेली फळं आणि गोठवलेल्या भाज्या. हा गट १ जानेवारी २०१९ पासून वेगळा काढला. त्याखाली उच्च, मध्यम आणि निम्न असे गट. वेफर्स आणि कोल्ड्रिंक यादीतच नाहीत, म्हणून शून्य.

आता दूध घ्या. लिटरभर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो, म्हणजे ४ लिटरच्या कॅनमध्ये ४.१२ किलो. समजा त्या गावाला वरच्या गटाचा दर ४ डॉलर आहे (उदाहरणापुरता धरलाय, तुमच्या गावाचा खरा दर योजनेच्या तक्त्यात बघा). ४.१२ गुणिले ४ = १६.४८ डॉलर. वजन जास्त म्हणून दुधावरचा आकडा डोळ्यात भरतो.

पालेभाजीचं उलट. सॅलडच्या पानांचा १४२ ग्रॅमचा प्लास्टिकचा डबा घ्या, १९ × १३ × ९ सेंमी. किलोला ४ डॉलरच धरले तरी अनुदान ५७ सेंट. पण विमानाचं भाडं नुसत्या वजनावर लागत नाही, आकारमानाचं वजन जास्त भरलं तर ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले एक ठरलेला आकडा, उत्तर किलोत; सर्रास वापरतात त्या ६००० च्या भाजकाने तो डबा ३७० ग्रॅमचा होतो. भाडं ३७० ग्रॅमचं आणि अनुदान १४२ ग्रॅमचं. हलक्या, फुगीर मालाला ही योजना मुळातच तोकडी पडते, आणि नेमकी तीच ताजी भाजी.

---

चष्मेवाला

वर बरोबर लिहिलंय, फक्त एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. पावतीवरचा १६.४८ हा आकडा बरोबर असूनही गिऱ्हाइकाला पूर्ण फायदा मिळालेला नसू शकतो.

पुन्हा समजुतीचे आकडे घेऊ. दुधाचा कॅन दुकानदाराला दक्षिणेत ५ डॉलरला पडला, विमानभाडं १८. एकूण २३. दुकानदार ३० टक्के चढवतो.

पहिली रीत: २३ वर ३० टक्के चढवले, २९.९० झाले. त्यातून १६.४८ वजा. शेल्फवर १३.४२.

दुसरी रीत: २३ मधून आधी १६.४८ वजा, उरले ६.५२. त्यावर ३० टक्के. शेल्फवर ८.४८.

दोन्ही पावत्यांवर अनुदान १६.४८ च छापलं जाईल. फरक ४.९४ डॉलरचा, आणि तो पावतीत कुठेच दिसत नाही. मूळ किंमत, म्हणजे अनुदान नसतं तर काय भाव लावला असता, ही गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. अनुदानाची रक्कम पावतीवर छापायची सक्ती २०१६ ला आली, तिने दर तपासता येतो, पण नफा तपासता येत नाही.

२०१४ च्या शरद ऋतूत कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. पूर्ण अनुदान गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतं की नाही याची खात्रीच खात्याने केली नव्हती. शिवाय कोणत्या गावाला अनुदान द्यायचं हे गरजेवर न ठरवता जुन्या योजनेत त्या गावाने किती माल मागवला होता यावर ठरवलं होतं, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांना वेगवेगळा न्याय. ऑक्टोबर २०१६ मध्ये ३७ गावं नव्याने जोडली ती त्यानंतर.

तेवढ्याच काळातल्या किमतींवर पुढे अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं. सरासरी डॉलरमागे सुमारे ६७ सेंट किमतीत उतरतात असं निघालं, आणि एकच दुकान असलेल्या गावात त्याहून कमी. त्या भागात बऱ्याच गावांत एक नाहीतर दोन दुकानं. घासाघीस कुणाशी करणार?

---

मालधक्का

@चष्मेवाला, रीत क्रमांक एकमधला दुकानदार चोर आहे असं वाटायला नको म्हणून लिहितो. नुनावूटमध्ये वीज डिझेलवर तयार होते, आणि ते डिझेल वर्षातून एकदा जहाजाने येतं. फ्रीजर त्याच विजेवर चालतो. धुकं किंवा वादळ आलं की विमान दोन-दोन दिवस अडकतं. कोथिंबिरीसारखा माल त्यात सडतो, नाहीतर धावपट्टीवर उणे ३५ मध्ये पंधरा मिनिटं राहिला की काळा पडतो. ही नासाडी २३ वरच होते, ६.५२ वर नाही. त्यामुळे २३ वर काही टक्के लावण्याला एक बाजू आहे. किती लावायचे हा वादाचा मुद्दा, आणि तिथे तुमचं म्हणणं मान्य.

आता शंका ३. स्वतः मागवता येतं, पण कुठल्याही दुकानातून नाही. योजनेत नोंद असलेल्या दक्षिणेकडच्या पुरवठादाराकडूनच. तुमच्यासाठी दावा तोच दाखल करतो आणि बिलात अनुदान वजा करतो. तुम्ही नोंद नसलेल्या दुकानातून माल घेऊन, कार्गोत टाकून, नंतर पावत्या सरकारला पाठवल्या तर काहीही मिळणार नाही. ही चूक नवीन माणसं हमखास करतात.

मागवताना एवढं बघा. ऑर्डरवर गावाचं नाव आणि तुमचं नाव स्पष्ट हवं, कारण दर गावानुसार लागतो. एकाच खोक्यात अनुदानाचा आणि बिनअनुदानाचा माल असेल तर पुरवठादाराला वजनं वेगळी द्यावी लागतात, म्हणून बिलात प्रत्येक जिनसेपुढे वजन आलंय का ते पाहा. विमान कंपनीचं किमान भाडं असतं, त्यामुळे पाच किलोच्या खोक्याला आणि वीस किलोच्या खोक्याला कधीकधी सारखेच पैसे पडतात. दोन-तीन घरांनी मिळून मागवलं तर परवडतं. आणि माल विमानतळाच्या कार्गो खिडकीवर येतो, दारात नाही. गोठवलेलं सामान असेल तर विमान उतरायच्या वेळी तिथे हजर राहणं आलंच.

अडचण अशी की यासाठी क्रेडिट कार्ड लागतं, इंटरनेट लागतं आणि महिन्याचे पैसे आगाऊ हातात लागतात. ज्याच्याकडे हे नाही त्याला गावातल्या दुकानाशिवाय पर्याय नाही.

---

हिशेबनीस

रीत एक आणि दोनचा हिशेब वाचून डोकं ठिकाणावर आलं, मनापासून आभार. एक उपप्रश्न. जुनी योजना टपालाची होती असं वाचलं. तिच्यात हा घोळ नव्हता का?

---

बोरूबहाद्दर

फूड मेल. तिचं मूळ १९६० च्या दशकाच्या अखेरचं. तिथे सरकार टपाल खात्याला पैसे द्यायचं आणि पाठवणारा स्वस्त दराने पाठवायचा. नाशवंत पौष्टिक मालाला किलोला ८० सेंट, वर प्रत्येक खोक्यामागे ७५ सेंट. दर सगळ्यांना सारखा, दुकानदार असो की घरगुती गिऱ्हाईक. म्हणून भाड्यातली सवलत स्वच्छ दिसायची. दुकानदाराचा नफा तेव्हाही दिसत नव्हताच, पण घरून मागवणाऱ्याला तो टाळता यायचा.

दोष दुसरीकडे होता. माल ठरावीक नाक्यांवरूनच चढवायचा, जसं नुनाविक (क्वेबेकचा उत्तर भाग) आणि नुनावूटमधल्या बॅफिनसाठी क्वेबेकमधलं वाल-दोर शहर. दुकानदाराला स्वतः विमान कंपनीशी भाव करायला वाव नव्हता, आणि सरकारचा खर्च मागणीबरोबर फुगत गेला. १ एप्रिल २०११ पासून न्यूट्रिशन नॉर्थ आली, वर्षाला ६ कोटी डॉलरच्या ठरीव रकमेसह. पैसे भाड्याऐवजी दुकानाकडे वळले, आणि चष्मेवाल्यांनी दाखवलेला घोळ तिथून सुरू झाला.

पात्र गाव कोणतं याचीही एक ओळ लिहून ठेवतो, कारण लोक येलोनाइफ आणि व्हाइटहॉर्सबद्दल विचारत राहतात. बारमाही रस्ता, रेल्वे किंवा जलमार्ग नसलेलं गाव हवं. पाण्यावर बर्फ धरताना आणि फुटताना वाहतुकीत चार आठवड्यांहून कमी खंड पडत असेल तर तो धरत नाहीत. त्यामुळे ती दोन्ही शहरं बाहेर, आणि अख्ख्या युकॉनमध्ये आत फक्त ओल्ड क्रो. नुनावूटची सगळी २५ गावं आत.

---

मालधक्का

शंका ४. टिकाऊ माल जहाजानेच आणा.

जहाजं उन्हाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर. पूर्व नुनावूटचा माल माँट्रिअलच्या आसपासच्या बंदरांतून निघतो, पश्चिमेकडचा 'हे रिव्हर' नावाच्या गावाहून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नावेने). भाडं टनावर, पण टन म्हणजे १००० किलो किंवा २.५ घनमीटर, यातलं जे जास्त भरेल ते. म्हणजे घनमीटरला ४०० किलो ही सीमारेषा डोक्यात ठेवायची.

लाकडी पेटी १.२ × १ × १.२ मीटर, म्हणजे १.४४ घनमीटर. आकारमानाने ०.५७६ टन. त्यात टॉयलेट पेपर, डायपर, वेफर्स भरून वजन ३५० किलो झालं तरी भाडं ०.५७६ टनाचं. त्याच पेटीत तांदूळ, पीठ, साखर, डबाबंद टोमॅटो भरून ५७० किलो केले तरी भाडं तेवढंच. म्हणून जड माल खाली आणि हलका माल वरच्या पोकळीत, अशी मिसळ केली की पैसे वसूल. नुसत्या हलक्या मालाची पेटी म्हणजे हवेचं भाडं भरणं.

२०१९ च्या बदलात जहाज, बार्ज आणि बर्फाच्या रस्त्याने येणाऱ्या ठरावीक मालालाही किलोमागे १ डॉलर अनुदान लागू झालं. डायपरही त्यात आहेत. अट तीच, विक्रेता नोंदणीकृत हवा. ऑर्डर देण्याआधी प्रत्येक जिन्नस यादीत आहे का ते विचारा.

चुका कुठे होतात: पेटीवर नाव एकाच बाजूला लिहितात आणि ती बाजू दुसऱ्या पेटीला टेकते. निदान तीन बाजूंना लिहा. आतल्या मालाची यादी किमतीसकट जवळ ठेवा, फुटतुटीचा दावा तिच्याशिवाय उभा राहत नाही. बहुतेक गावांत धक्का नाही, माल भरतीच्या रेषेच्या वर किनाऱ्यावर उतरवून जहाज जातं आणि पुढची जबाबदारी तुमची. शेवटच्या जहाजाने आलेली पेटी दोन रात्री बाहेर राहिली की काचेच्या बाटल्या तडकल्याच समजा. लोणचं, सॉस, तेल प्लास्टिकमध्येच घ्या.

---

चष्मेवाला

वर्षभराचा तांदूळ एकदम घ्यायला पैसे आणि कोरडी खोली दोन्ही लागतं. घरात दहा-बारा माणसं दाटीवाटीने राहतात तिथे पेटी ठेवणार कुठे? म्हणून जहाजाचं अनुदान चांगलं असूनही ते पगारदाराच्याच जास्त कामी येतं.

माणसाच्या हातात थेट पैसा देण्याचा प्रयोगही झाला. इन्युइट (उत्तरेकडचे मूळ रहिवासी) मुलांसाठीच्या संघराज्य निधीतून अनेक गावांनी मुलामागे महिना ५०० डॉलरची खाद्य कुपनं दिली. ३१ मार्च २०२५ ला ती थांबली. कुपनांनी भाव उतरला नाही, पण टोपली भरली.

आणि शिकारीसाठीचं अनुदान वेगळं. ते व्यक्तीला अर्ज करून मिळत नाही, इन्युइट आणि इतर आदिवासी संस्थांकडे जातं. बंदुकीच्या गोळ्या, स्नोमोबाइलचं पेट्रोल कुणाला किती हे त्या ठरवतात.

---

बोरूबहाद्दर

हिशेबनीस, आयकरातली उत्तरेकडच्या रहिवाशांची वजावट यात मिसळू नका. ती न्यूट्रिशन नॉर्थपेक्षा निराळी. अ विभागात (नुनावूट पूर्ण त्यात येतं) दिवसाला ११ डॉलर, आणि घरातून दुसरं कुणी ती घेत नसेल तर आणखी ११. वर्षाला ३६५ × २२ = ८,०३० डॉलर. अर्ज टी२२२२, आणि सलग सहा महिने तिथे राहिलेलं असायला हवं. वजावट निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्क्यांपलीकडे जात नाही. ही उत्पन्नातली वजावट आहे, हातात येणारे पैसे नाहीत. तुमच्या पावतीवरच्या ओळीचा तिच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे करासाठी किराण्याच्या पावत्या जपून ठेवायचीही गरज नाही.